मयताला चला

"अवं, ती शेळी लांब बांधा आदी. कालच्या गाण्यात तुमच्यापरीस तीच जास्त गायलीया," मालन म्हणाली.

शाहीर निमूट उठले आणि शेळी परसातल्या बाभळीला बांधून आले. तोवर मी पदरानं घाम पुसून घेतला. वैशाखातली दुपार. शाहिरांच्या खोलीच्या दाराला आणि एकुलत्या एका खिडकीला वाकळा टांगलेल्या, पंखा बंद. बारा ते चार आमच्याकडची लाईट जायची आणि आम्ही मुद्दाम तीच वेळ धरली होती. लाईट गेली की समोरची पिठाची गिरणी थांबायची, शेजारपाजारचे टीव्ही गप्प व्हायचे. तेवढ्या चार तासांत जे काय गायचं ते गाऊन घ्यायचं.

रेकॉर्डर ज्वारीच्या कणगीवर ठेवला होता. शाहिरांच्या लेकीनं पुण्याहून पाठवलेला, हाताच्या पंजाएवढा. तो चालवायचं काम मालनकडे, म्हणजे शाहिरांच्या बायकोकडे. "माझा हात थरथरतो, हिचा न्हाई," असं शाहीर म्हणायचे.

"ह्ये शेवटचं गाणं," त्यांनी वहीतून फाडलेला कागद माझ्या हातात दिला. "वैनी, मधलं कडवं तुमचं. बाईच्या तोंडचं हाय. शेवटचं मी म्हणणार, त्ये माझं पाठ हाय."

मी कागद वाचला. परत वाचला. मग घडी घालून मांडीवर ठेवला.

"ह्ये आमच्या मालकांचं हाय," मी म्हणाले.

"व्हय."

या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. आटपाडी तालुक्यात शाहीर सिद्राम जावीर हे नाव तेव्हा घरोघरी माहीत होतं. त्यांचं कलापथक होतं. माझे मालक, अंकुश ऐवळे, त्यात ढोलकी वाजवायचे आणि मी शाहिरांच्या मागं सूर ओढून झील धरायची. लसीकरण, हात धुणं, संडास बांधणं, हुंडा न घेणं, दारू सोडणं, सरकारला लोकांना जे जे सांगायचं असे ते ते वीस-बावीस वर्षं आमच्या गळ्यातून गेलं. गाणी शाहिरांची. मालकांशी त्यांची शाळेपासूनची दोस्ती, म्हणून मी त्यांना भावजी म्हणायची.

मग गाण्याऐवजी गावोगाव सिनेमा दाखवणाऱ्या पडद्याच्या गाड्या आल्या आणि आमचे कार्यक्रम कमी होत गेले. साठी उलटल्यावर एक दिवस शाहीर आमच्या दारात येऊन बसले आणि म्हणाले, "वैनी, बावीस वर्सं लोकांनी कसं जगावं त्ये सांगितलं. कुणी ऐकलं न्हाई. आता लोकं कशी मरत्यात त्येच सांगतो. त्ये तरी ऐकत्यात का बघू."

असा तो अल्बम निघाला. नाव ठेवलं 'मयताला चला'. सगळी गाणी मेलेल्या माणसांची, आणि सगळी हसायची.

पहिलं गाणं एका सरपंचाचं. त्यानं गावाला स्मशानाची शेड आणली, पण उद्घाटन कसं करायचं याचा पेच पडला.

*शेड बांधली झकास, वर पत्रा नवा,*
*उद्घाटनाला पाहुणा मेलेलाच हवा.*

चार दिवसांनी सरपंचच गेला, असं ते गाणं. दुसरं एका म्हातारीचं. पेन्शन का थांबली ते विचारायला ती कचेरीत जाते.

*सायब म्हणतो आजी, तुमी मेलाय बरं,*
*कागदावर शिक्का हाय, तुमचं काय खरं?*

तिसरं दोन भावांचं. मडकं कुणी धरायचं यावरून ते भांडत बसतात आणि तिरडीवरचा बाप कंटाळून उठतो, म्हणतो आणा इकडं, मीच धरतो. ते गाताना आम्ही इतके हसलो की मालनला चार वेळा रेकॉर्डर बंद करावा लागला. ती तोंडात पदराचा बोळा कोंबून बसायची आणि तरी खांदे हलायचे.

हा चौथा कागद माझ्या हातात आला तेव्हा मात्र ती हसत नव्हती. ते माझ्या ध्यानात आलं होतं, पण मला वाटलं, उकाड्यानं दमली असेल.

कागदावर धुपद, म्हणजे पालुपद, होतं:

*गडी गेला तळ्यात, कागदावर घसरला,*
*वर यायचं हुतं, तेवढंच इसरला.*

शेततळी तेव्हा आमच्या भागात नुकतीच आली होती. डाळिंबवाल्यांनी खड्डे खणून आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही त्यातून वर चढू शकत नाही.

माझे मालक तसेच गेले. तेव्हा त्याला सहा वर्षं झाली होती. कासारखोरीला कार्यक्रम होता, दारूबंदीचाच; त्या वेळी मी घरीच होते. तो संपवून शाहीर आणि ते दोघे चालत फाट्याकडे निघाले, पहाटेची एसटी धरायला. वाटेत तळ्याच्या बांधावर जरा टेकले. शाहिरांना जाग आली तेव्हा उजाडलं होतं, मालक शेजारी नव्हते आणि पाण्यावर त्यांचा फेटा तरंगत होता. शाहिरांनीच गावात जाऊन माणसं आणली. प्यायला होता, पाय घसरला, असं सगळ्यांच्या तोंडी झालं. कुणाला नवल वाटलं नाही. मालक आधी पीत होतेच. गावाला ते ठाऊक होतं.

पण त्यांनी सोडली होती. खरसुंडीच्या नाथाच्या पायरीवर हात ठेवून सोडली होती आणि त्याला चौदा महिने झाले होते. मी रोज रात्री त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची, त्यांच्या नकळत. चौदा महिने नुसता बडीशेपेचा वास. मला खात्री वाटायला लागली होती.

म्हणून मढं अंगणात आणलं तेव्हा मी रडले नाही. बायका बांगड्यांना हात घालत होत्या, सासू ऊर बडवत होती, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "शेवटी पिऊनच मेलास." लग्न झाल्यापासून मी त्यांना अरेतुरे केलं नव्हतं. ते एकदाच केलं.

पुढं वर्षभरानं पथकात परत गेले. घर चालवायचं होतं आणि मला दुसरं काही येत नव्हतं. कार्यक्रम बघायला आलेले एक साहेब म्हणाले, बाई, गाण्यासोबत तुम्ही स्वतःचं सांगा, त्यानं बायाबापड्यांवर परिणाम होतो. मग मी सांगायला लागले. स्टेजवर उभी राहून, माईक धरून. माझा नवरा ढोलकी वाजवायचा, दारू सोडा म्हणून गाण्याला साथ करायचा, आणि स्वतःच पिऊन तळ्यात बुडाला. बाया डोळे पुसायच्या. गावोगाव सांगितलं. शाहीर मागं तुणतुणं घेऊन उभे असायचे.

"ह्याच्यावर हसायचं?" मी खोलीत त्यांना विचारलं.

"सगळ्यांवर हसलो की वैनी."

"सगळी आपली न्हवती."

मालन रेकॉर्डरकडे बघत बसली होती.

नको म्हणायला हवं होतं. पण मी दमले होते. त्या दिवसापुरतीच नव्हे, सहा वर्षांची. रडून सांगून झालं होतं, ऐकणारी बाई घरी गेली की तिच्या चुलीपुढं तेच चालू असायचं. मला वाटलं, हसून सांगू, काय फरक पडतो. मेलेल्या माणसाला काय लागायचंय.

"लाव," मी मालनला म्हणाले.

लाल दिवा लागला. शाहिरांनी तुणतुण्यावर ताल धरला, धुपद म्हटलं, मी झील ओढली. पहिल्या कडव्यात तळं खणणाऱ्या डाळिंबवाल्याची थट्टा होती. मग माझं कडवं आलं.

*भाकरी थापून बसले मी, कोरड्यास झालं गार,*
*धनी गेला तळ्यामंदी, लावून घेतलं दार.*

बरं गायले मी. आवाज कापला नाही. आमच्या धंद्यात सवय होते. धुपद परत झालं आणि शाहिरांनी शेवटचं कडवं घेतलं. ते मी ऐकलेलं नव्हतं.

*दोन गडी तळ्याकाठी, एकाच्याच पोटात दारू,*
*पिणारा पडला पाण्यात, लागला हाका मारू.*
*कोरड्यानं उडी घेतली, खांद्यावर दिला पाय,*
*वर येऊन घोरला पिणारा, खालच्याचं केलं काय?*

झील माझी होती. मी ती धरली नाही. तुणतुणं थोडं वाजलं आणि थांबलं. मी मालनकडे बघितलं. ती दचकली नव्हती, चमकली नव्हती. डोळे खाली घालून बसली होती. तिला ते कडवं माहीत होतं. गाणं होण्याआधीपासून माहीत होतं.

"घोरला म्हंजे?" मी विचारलं.

शाहीर तुणतुण्याची तार बोटानं दाबून बसले होते.

"भावजी, घोरला म्हंजे काय?"

"झोप लागली, वैनी."

"बांधावर?"

"व्हय. कार्यक्रम झाल्यावर ज्यांच्या वस्तीवर जेवलो, त्यांनी मला दिली. अंकुशाला बी देत हुते, त्यानं घेतली न्हाई. म्हणला, माझं नाथाला वचन हाय. वाटंत मला मळमळाया लागलं, म्हणून तोंड धुवाया तळ्यापाशी गेलो." त्यांनी तार सोडली. "पाय गेला. त्यानं मागनं उडी मारली. पाण्यात उभा ऱ्हायला, मला खांद्यावर चढवलं. मी कुंपणाची तार धरून वर आलो."

"आन् ते?"

"त्यो म्हणला, शिदा, फेटा टाकतो, धर. त्यानं फेटा फेकला, मी धरला. वढाया जोर आला न्हाई. म्हणलं, दम धर, माणसं आणतो. उठलो आन् पडलो. उठलो तवा उजाडलं हुतं."

"हाका मारल्या आसतील."

बाहेर शेळी ओरडली.

"मारल्या आसतील," ते म्हणाले. "मला ऐकू आल्या न्हाईत."

मी भिंतीला टेकले. वाकळेच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर पडली होती, तिच्यात धूळ फिरत होती. तिच्याकडे बघत राहिले.

"फौजदारानं इचारलं, घेतली हुती का?" शाहीर सांगत होते. "मी म्हणलं, व्हय. कुणी घेतली हुती त्ये त्यानं इचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई. मग पुढं सगळ्यांनीच ठरवून टाकलं."

"मी साठ गावांत सांगितलं, भावजी. माईक धरून."

"बासष्ट," ते म्हणाले.

ते मागं उभे राहून मोजत होते.

मी मालनकडे वळले. "तुला म्हाईत हुतं."

"कापडं वाळली हुती अंगावरच," ती हळूच म्हणाली. "पर सदऱ्याच्या खिशात गाण्याची वही हुती. तिचा लगदा झालेला. मी धुताना बघितला. इचारलं न्हाई मी त्यास्नी. इचारलं आसतं तर सांगितलं आसतं त्यांनी. मग मला बी सांगावं लागलं आसतं."

"सहा वर्सं तुझ्या हातची भाकरी खाल्ली मी, मालन."

"व्हय. म्हणून तर करून घालत हुते."

लाल दिवा अजून लागलेला होता. मालनच्या ते ध्यानात आलं. तिनं बटणावर बोट ठेवलं. "पुसू का ह्ये?"

"वैनी म्हणतील तसं," शाहीर म्हणाले.

मी उठून परसात गेले. बाभळीच्या विरळ सावलीत शेळीशेजारी बसले. चौदा महिने, आणि त्या शेवटच्या रात्रीही, त्यांनी सोडलेलीच होती. मी त्यांना मढ्यापुढं बोलले. बासष्ट गावांत बोलले. लेकीला बोलले. तुझ्या बापानं आपल्यापेक्षा बाटली जवळची केली, असं तिला मी सांगितलं होतं, आणि ती तेच मानून सासरी गेली होती. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मालकांची हाक कशी असायची ते आठवायला बघत होते, तेही आठवेना. हातातला कागद शेळीनं ओढला आणि चघळायला लागली. मी ओढून घेतला नाही.

किती वेळ बसले कोण जाणे. आत गेले तेव्हा ती दोघं होती तशीच बसलेली.

"नावं घाला," मी म्हणाले.

शाहिरांनी वर बघितलं.

"एक गडी, दुसरा गडी असलं नगं. त्यांचं नाव घाला, तुमचं घाला. आन् चार वाजायच्या आत म्हणा, गिरणी सुरू होईल."

त्यांनी तुणतुणं उचललं, पण तार लागेना. ते मालनकडे दिलं. तिला ताल धरता येत होता, हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. रेकॉर्डर मी लावला. पहिल्यांदा ते मध्येच अडकले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा सलग म्हटलं.

*अंकुश आन् शिदा दोघं, शिद्याच्या पोटात दारू,*
*शिदा पडला पाण्यात, लागला हाका मारू.*
*अंकुशानं उडी घेतली, खांद्यावर दिला पाय,*
*वर येऊन घोरला शिदा, अंकुशाचं केलं काय?*

शेवटची झील मी ओढली. ती संपता संपता लाईट आली आणि गिरणी सुरू झाली. तो आवाज गाण्यात तसाच राहिला.

घरी आल्यावर सासूला ऐकवलं. आत्ती तेव्हा ऐंशीच्या पुढं होत्या, एका कानानं कमी ऐकायच्या. मी सोबत आणलेला रेकॉर्डर त्यांच्या चांगल्या कानाला लावला. त्यांनी तीन वेळा परत लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तू त्याला बोलली हुतीस."

"व्हय."

"मढ्याफुडं. समद्यांच्या देखत."

"व्हय, आत्ती."

"मग आता काय करतीस?"

मी रेकॉर्डर बंद केला. त्यांनी परत विचारलं नाही. भिंतीकडं तोंड करून निजल्या.

अल्बम शाहिरांनी आटपाडीतल्या एका मोबाईलच्या दुकानात नेऊन दिला. तेव्हा दुकानात कार्डात गाणी भरून मिळायची. महिन्याभरात 'मयताला चला' तालुकाभर झालं. ट्रॅक्टरवर लागलं, लग्नाच्या वरातीत लागलं, सलूनमध्ये लागलं. म्हातारीचं गाणं लोकांना आवडलं, भावांचं आवडलं, पण सगळ्यात जास्त चाललं ते तळ्याचं. 'लावून घेतलं दार' ही ओळ पोरंसोरं एकमेकांच्या अंगावर फेकायला लागली. आणि शेवटच्या कडव्यावर तर माणसं पोट धरून हसायची. घोरला शिदा.

मी वाट बघत होते, कुणीतरी येऊन विचारील. बाजारात एक मास्तर भेटले, आमचे जुने ओळखीचे. म्हणाले, "इंदूताई, शाहिराचं मन बघा केवढं. मित्राचं पाप स्वतःच्या नावावर घेतलं गाण्यात. असा माणूस शोधून सापडायचा नाही."

"ते खरं हाय, मास्तर," मी म्हणाले.

"खरंच आहे. म्हणून तर म्हणतो, देवमाणूस."

मी पिशवी उचलली आणि पुढं गेले.

शाहिरांना जिथं तिथं असंच ऐकायला मिळत होतं. त्यांना बोलावणी यायला लागली होती. माघातल्या एका जत्रेत दुपारी कार्यक्रम ठेवला होता, कुस्त्यांच्या आधी. हजार-बाराशे माणूस. तळ्याचं गाणं झालं, शिट्ट्या पडल्या, वन्स मोअर, वन्स मोअर. शाहिरांनी तुणतुणं खाली ठेवलं आणि माईक हातात घेतला.

"मंडळी, ह्ये गाणं न्हवं," ते म्हणाले. "ह्ये झालेलं हाय. दारू मी प्यालो हुतो. अंकुश प्याला न्हवता. मी घोरत पडलो आन् त्यो बुडाला."

मागून कुणीतरी मोठ्यानं घोरण्याचा आवाज काढला आणि सगळी जत्रा हसली. इतकी हसली की शाहिरांना पुढं बोलता येईना. ते माईक धरून उभे होते. पुढच्या रांगेतल्या पाटलांनी टाळ्या वाजवत उठून त्यांच्या गळ्यात हार घातला.

एसटीच्या फाट्यावर आम्ही दोघे बसलो होतो तेव्हा हार त्यांच्या मांडीवर होता.

"सांगितलं की वो मी," ते म्हणाले.

"सांगितलं."

"हसले."

"हसणारच. बावीस वर्सं तुमी त्यास्नी गाणंच ऐकवलंय."

त्यांनी हार बाजूला ठेवला. मी म्हणाले, "मी जाणार हाय, भावजी. जितं जितं मी सांगितलं, त्या गावांत. स्टेज न्हाई, गाणं न्हाई. बचत गटाच्या बाया जमत्यात दुपारच्या, त्यांच्यात बसून सांगीन."

"बासष्ट गावं?"

"जमतील तेवढी."

त्यानंतर ते कधी गायले नाहीत. अल्बम वाजत राहिला, तो थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी पहिल्या गावाला निघाले तेव्हा शाहीर स्टँडवर काठी घेऊन उभे होते. कुठं निघालात, असं मी विचारलं नाही. या म्हणाले नाही, येऊ नका म्हणाले नाही. गाडीत मी पुढं बसले, ते मागं.

असं चार वर्षं चाललं. महिन्याला एक, कधी दोन गावं. उन्हाळ्यात जमायचं नाही, माझे गुडघे दुखायचे, मधे आत्ती गेल्या, लेकीचं बाळंतपण झालं. लेकीला मी सगळ्यात आधी जाऊन सांगितलं होतं. तिनं नंतर दोन महिने माझा फोन उचलला नाही. मग स्वतःच केला आणि बाळाचं नाव काय ठेवू म्हणून विचारलं.

गावांतल्या बायांना बहुतेक वेळा माझी पहिली गोष्ट आठवतच नसे. "कुठला नवरा बाई? तुमी आला हुता व्हय?" असं म्हणायच्या. ज्यांना आठवायचं त्यांच्यातल्या काही म्हणायच्या, आता कशापायी उकरता, गेलेला माणूस गेला. मी तरी सांगायची. आठवणीत नसेल तर आधी खोटी गोष्ट सांगायची आणि मग खरी. शाहीर समाजमंदिराच्या बाहेर, पायरीवर, चपलांपाशी बसून असायचे. सांगून झालं की आम्ही निघायचो. त्यांचं नाव मी घ्यायची, पण तो माणूस बाहेर बसलाय असं कधी सांगितलं नाही. मला ते जमलं नाही.

एकेचाळिसावं गाव वाघमोड्यांची खोरी. पंधरा-सोळा बाया होत्या, एक-दोघी लेकरं मांडीवर घेऊन. मी सगळं सांगितलं. फेट्याचं, खांद्याचं, बांधावरच्या झोपेचं. फौजदारानं काय विचारलं ते सांगितलं. मी मढ्यापुढं काय बोलले तेही. झाल्यावर एका म्हातारीनं दाराकडं हात केला.

"आन् त्यो कोण बाबा बसलाय मगाधरनं?"

मी तोंड उघडायच्या आत शाहीर काठी टेकत उठले आणि दारात येऊन उभे राहिले. उन्हातून आल्यामुळं त्यांना आतलं नीट दिसत नसावं. ते सगळ्यांकडे एकदमच बघत होते.

"मी त्यो," ते म्हणाले. "वर आलेला."

कुणी हसलं नाही. एक लेकरू रडायला लागलं, त्याला आईनं छातीशी धरलं. कोपऱ्यातल्या घागरीपाशी एक तरणी बाई बसली होती. ती उठली, तिनं तांब्या भरून माझ्या हातात दिला. मग दुसरा भरला आणि तो हातात धरून शाहिरांसमोर उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं, तिचा मालक पीत होता का, मला माहीत नाही. खूप वेळ उभी होती. तांब्याच्या कडेवरून पाणी तिच्या मनगटावर ओघळत होतं.

मग तिनं तो त्यांच्या हातात दिला.

शाहीर काठी दाराला टेकवून उभ्याउभ्याच प्यायले. साडेचारची एसटी होती, पुढची सात वाजता. मी चपला घातल्या आणि त्यांची काठी त्यांच्या हातात दिली.